सहा लाखांचे स्पीकर आणि शेवटची रांग

तर मंडळी, या वीकांताला जरा कडू लिहितोय. विषय आहे हाय-एंड स्पीकरच्या दुकानातलं ‘ऑडिशन’. ज्यांचं अप्रेझल नुकतंच झालंय आणि हात शिवशिवताहेत, त्यांनी तर वाचाच.

मागच्या दिवाळीत ब्रह्मपुरीला घरी गेलो होतो. दोन बोनस साठवून एक चांगली सिस्टीम घ्यायची ठरवलं होतं. पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटसाठी नाही, गावच्या घरासाठी. कारण खरा ऐकणारा माणूस तिथे आहे. आमचे बाबा. तीस वर्षं त्यांनी माईकसेट चालवला. लग्नं, गणपती, प्रचारसभा सगळं केलं, पण खरा हंगाम झाडीपट्टीच्या नाटकांचा. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्र-रात्र नाटकं चालतात. कंपन्यांची ऑफिसं देसाईगंज म्हणजे आमच्या वडशाला. लोक तिकीट काढून येतात. २०२३ साली परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.)

बजेट दीड लाख. बाबांना घेऊन नागभीड, भिवापूर, उमरेड करत नागपूर गाठलं.

दुकान म्हणजे देऊळच. चपला बाहेर, जाड गालिचा, भिंतीला फोमचे पॅनल, मंद दिवे, मधोमध एकच खुर्ची. मालक कुजबुजल्यासारखं बोलत होते. दीड लाखाची जोडी दोन मिनिटं वाजवली आणि म्हणाले, “आता जरा हे ऐका.” ‘हे’ म्हणजे सहा लाख. मग ठरलेली गाणी. संथ आवाजात गाणारी परदेशी बाई, सोबत डबल बास. मग गिटार. मग तबल्याचा एक तुकडा. मी मान डोलवली. खोटं कशाला बोलू, छानच वाटत होतं. ईएमआयचा हिशोबही मनातल्या मनात सुरू झाला होता.

मग बाबांनी फोन पुढे केला. एका जुन्या नाटकाचं रेकॉर्डिंग, ऑर्गन, तबला आणि त्यांच्या मित्राचा आवाज. ऐकून म्हणाले, “गाना चांगला वाजते जी, पण मानूस मडक्यात बोलल्यासारखा वाटून राहिला.”

मालक हसले. “काका, हे रेकॉर्डिंग या सिस्टीमच्या लायकीचं नाही.” आणि मग माझ्याकडे वळून, हळूच, “या वयात वरचा ट्रेबल जातोच ना सर.”

बाबा गप्प बसले. त्यांना ऐकू गेलं होतं.

परतीच्या वाटेवर माझी चिडचिड होत होती, आणि रात्रभर विचार करून एक गोष्ट लक्षात आली. त्या खोलीत स्पीकरची परीक्षा होतच नाही. परीक्षा आपली असते. फरक ऐकू आला तर स्पीकर थोर, नाही आला तर तुमचे कान कच्चे. असा टेस्ट केस आपण ऑफिसात कोणाला पास करू देऊ का, जो कधी फेलच होऊ शकत नाही?

आता मुद्दे घ्या.

पहिला, गाणी. एक आवाज आणि दोन वाद्यं असलं मोकळं रेकॉर्डिंग बहुतेक कुठल्याही बऱ्या स्पीकरवर गोड लागतं. दोष उघडे पडतात ते भरगच्च आवाजात आणि तुमच्या पूर्ण ओळखीच्या माणसाच्या बोलण्यात. म्हणजे ‘लायकीचं नसलेलं’ बाबांचं रेकॉर्डिंग हीच त्या दिवसातली एकमेव खरी चाचणी होती.

दुसरा, व्हॉल्यूम. एका जोडीची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल आणि दुसरीची ९०. बटण तिथेच ठेवून जोडी बदलली की दुसरी ४ डेसिबल मोठी वाजणार. एक-दोन डेसिबलचा फरक तर ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवतही नाही, तो ‘जास्त जिवंत’ म्हणून जाणवतो. विक्रेत्याला खोटं बोलायची गरजच नाही.

तिसरा, खोली. साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीच जास्त बोलते. आमची बैठकीची खोली १४ फूट लांब, म्हणजे ४० हर्ट्झच्या आसपास ती स्वतःच घुमणार. खाली टाइल्स, वर पंखा, भिंती सिमेंटच्या. दुकानातल्या गालिच्यावर जे ऐकलं त्याचा इथे काय संबंध?

चौथा, डोळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या हर्मन कंपनीतल्या संशोधकांनी १९९४ साली एक प्रयोग मांडला. तेच श्रोते, तेच स्पीकर, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर दिसताना. दिसायला लागल्यावर मोठ्या, महागड्या खोक्यांचे गुण वाढले आणि छोट्या स्वस्त संचाचे घसरले. लक्षात घ्या, ते श्रोते त्याच धंद्यातले होते. आपण कोण!

आणि वयाचं म्हणाल तर, साठीतल्या बहुतेकांना १४-१५ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही हे खरंच आहे. पण पियानोची सर्वात वरची पट्टी ४१८६ हर्ट्झची असते. जुन्या लँडलाइनवर ३०० ते ३४०० हर्ट्झच जात होते आणि त्यावर लोकांनी लग्नं जुळवली. माणूस मडक्यात बोलतोय की समोर, हे कळायला बाबांच्या कानांत पुरेसं शिल्लक आहे. त्या जोडीच्या माहितीपत्रकात मात्र ‘४० किलोहर्ट्झपर्यंत’ असं अभिमानाने छापलं होतं. वटवाघळांनी अवश्य घ्यावी. :-)

“म्हणजे सगळे स्पीकर सारखेच?” असं विचारणार असाल तर, अजिबात नाही. खोल बास, कमी डिस्टॉर्शन, न थरथरणारं खोकं, बाजूला बसलेल्यालाही नीट पोचणारा आवाज, हे खरं इंजिनिअरिंग आहे आणि त्याला पैसे लागतात. पण ते मोजता येतं. मग मोजमापं दाखवा ना! मी मागितली तेव्हा “संगीत आलेखात मावत नाही सर” असं उत्तर मिळालं. बरोबर आहे, संगीत नाही मावत. पण मी संगीत विकत घेत नव्हतो, खोका घेत होतो. (आणि हो, मी काही फार शहाणा नाही. ९ हजारांची स्पीकर केबल एकदा मीही घेतली आहे. ती कुठे आहे ते विचारू नका.)

बाबांना विचारलं, तुम्ही माईकसेट कसा तपासायचे? म्हणाले, “नाटकाच्या आधी शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. तिथल्या म्हातारीला शब्द समजला का? नसन समजला तर भोंगा फिरवायचा.” मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, हे मी थर्ड इयरला पाठ केलं. त्यांनी ते मंडईच्या थंडीत पायी मोजलं.

शेवटी दुसऱ्या एका छोट्या दुकानदाराने डिपॉझिट घेऊन दोन जोड्या तीन दिवसांसाठी घरी नेऊ दिल्या. फोनवरच्या अॅपने आवाज सारखा केला, समोर पातळ ओढणी टांगली, आणि आईने कधी ही, कधी ती लावली. बाबांनी दहापैकी आठ वेळा जी निवडली ती ५५ हजारांची निघाली, दुसरी सव्वा लाखाची. एका घरातली एक चाचणी, यातून जगाबद्दल काही सिद्ध होत नाही. पण आम्हाला जग घ्यायचं नव्हतंच.

तेव्हा जाल तेव्हा स्वतःचं गाणं घेऊन जा, आजीच्या आवाजातली एखादी क्लिप सुद्धा चालेल. आवाज सारखा करायला सांगा. घरी नेऊन ऐकू देतील का ते विचारा. नाही म्हणाले तर चपला घाला आणि निघा.

आणि कोणी तुमच्या बापाच्या कानांबद्दल बोललं, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.