हुंडीची मुदत आणि जीपची मुदत

व्यापारी माणसास मुदतीचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. मुदत भरली की हुंडीचे पैसे चुकते झाले पाहिजेत, कबूल केलेल्या दिवशी माल पेठेत उतरला पाहिजे, आणि दिलेला शब्द तारखेसकट पाळला गेला पाहिजे, या गोष्टींवरच आपली पत उभी असते. अशा व्यापारी बांधवांच्या वार्षिक स्मरणिकेत कोणी मुदतीविरुद्ध लिहू लागला, तर त्याने दुकान बंद करावे असा सल्ला त्यास मिळेल. म्हणून आरंभीच सांगतो की माझे गाऱ्हाणे मुदतीविरुद्ध नाही. जेथे तिचे काम नाही अशा ठिकाणी आपण तिला नेऊन बसवितो, त्याविरुद्ध आहे.

आमच्या बेळगाव भागात अलीकडे जुन्या जीपगाड्या गोदामांतून बाहेर काढून त्या पूर्ववत करण्याची हौस वाढली आहे. हौस चांगली आहे. वडिलोपार्जित वस्तू भंगारवाल्याच्या काट्यावर चढण्याऐवजी पुन्हा रस्त्यावर धावू लागली, तर कोणास आनंद होणार नाही? परंतु माझ्या पाहण्यात अशा गाड्यांपैकी रस्त्यावर आलेल्या थोड्या आणि सुट्या भागांच्या रूपाने ताडपत्रीखाली पडून राहिलेल्या अधिक आहेत. त्यांच्या मालकांना पैशाची तूट नव्हती. सुटे भागही मिळत होते. तुटला तो त्यांचा उत्साह. आणि तो का तुटतो, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

आमच्या घरची जीप १९४४ सालची, विलीज बनावटीची. महायुद्धानंतर सैन्याने लिलावात काढलेल्या गाड्यांपैकी ती एक. आजोबांनी ती घेतली ती मिरविण्यासाठी नव्हे. खानापूर तालुक्यातील पावसात बैलगाडीही जेथे रुतत असे, अशा गावांतील वसुली आणि खरेदी ते त्या गाडीने करीत. पुष्कळ लोक जीपला मोटार समजतात. परंतु अमेरिकन सैन्याच्या दफ्तरात तिची नोंद ‘पाव टनी ट्रक’ अशीच आहे. चारही चाकांना जोर देणारा, चिखलात न डगमगणारा हा लहानसा ट्रक आमच्या घरी पंचवीस वर्षे राबला आणि नंतर गोदामाच्या कोपऱ्यात विसावला.

ती दुरुस्त करावयाचे मी ठरविले त्या दिवशीच मी पहिली चूक केली. ज्येष्ठ महिना होता. घरच्या मंडळींत बसून मी जाहीर केले, ‘यंदाच्या खंडेनवमीला गाडीची पूजा करून तिच्यातून फेरी मारावयाची.’ नातेवाइकांना निमंत्रणे गेली. गाडी मी अद्याप खोललीही नव्हती; तिच्या पोटात काय आहे हे मला ठाऊक नव्हते; आणि तरीही तिच्या नावावर मी एक मुदती हुंडी लिहून मोकळा झालो होतो.

पुढे जे झाले ते कोणत्याही जाणत्या मिस्त्रीने आधीच सांगितले असते. आषाढ-श्रावणात हवेतील ओलाव्यामुळे प्रायमर नीट धरेना आणि घासून साफ केलेल्या पत्र्यावर दोन दिवसांत पुन्हा तांबेरा चढे. सिलिंडरचे बोअरिंग करणाऱ्या कारखान्यात शेतीपंपांच्या कामाची रांग लागलेली होती, आणि ती न्याय्यच होती. भाद्रपद संपत आला तशी मी रात्रीची कामे सुरू करविली. अशाच एका रात्री डाव्या बाजूचे चाक निघेना म्हणून मदतनीस पोराने पान्यास लांब पाइप लावून जोर केला आणि दोन स्टड कडाकड मोडले. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक फिरताना नट सैल होऊ नये म्हणून केलेली ती योजना होय. स्टडाच्या टोकावर तशी खूणही असते. पण रात्री अकरा वाजता थकलेल्या पोरास ती कोठून दिसणार? त्यानंतर इंजिनाचे हेड बसविताना नट मधून कडेकडे, क्रमाने आणि दोन-तीन फेऱ्यांत आवळावयाचे ते एका दमात आवळले गेले. नवमीच्या आदल्या दिवशी इंजिन चालू केले तेव्हा गॅस्केटमधून पाणी आत उतरले व तेलाचा रंग ताकासारखा झाला.

मी मिस्त्रीस चार लोकांत नको ते बोललो. साठी उलटलेला तो गृहस्थ एक शब्द न बोलता हत्यारे गोळा करून निघून गेला. खंडेनवमीस गाडीऐवजी तिच्या सुट्या भागांची पूजा झाली. त्यानंतर चौदा महिने मी त्या गोदामाचे कुलूप काढले नाही. जीपचे नाव निघाले की डोके दुखे. हौसेने आरंभिलेले काम मला नकोसे झाले होते, आणि एका जाणत्या कारागिराशी संबंध तुटला होता. खंडेनवमी मात्र दुसऱ्या वर्षी पुन्हा आलीच.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. ‘मुदत नसेल तर काम होतच नाही. माणूस आळशी आहे. तारीख डोक्यावर असल्यावाचून तो हलत नाही. आणि तुमची ही जीप तरी मुदतीतूनच जन्मली ना?’ हे खरे आहे. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कारखानदारांकडे मागणी पाठविली आणि नमुन्याची गाडी अवघ्या ४९ दिवसांत तयार करून मागितली. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने ती अट पत्करली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने झपाट्याने आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मेरीलँडमधील सैन्याच्या तळावर हजर झाली. उद्योगाच्या इतिहासातील हा एक पराक्रमच म्हटला पाहिजे.

परंतु हकीकत तेथे संपत नाही. विलीज कंपनीने त्याच वेळी अधिक दिवस मागितले होते, आणि तिचा नमुना नोव्हेंबरात, म्हणजे बँटमनंतर, पोचला. तरीही जुलै १९४१ चे मोठे कंत्राट विलीजला मिळाले. त्याचे एक मुख्य कारण तिचे इंजिन. ते ४९ दिवसांत झालेले नव्हते. बार्नी रूस हे अभियंते १९३८ पासून त्या इंजिनाच्या मागे लागले होते आणि एक एक दोष काढीत त्यांनी त्याची शक्ती ४८ अश्वशक्तीवरून ६० वर नेली होती. पुढे गाडीचे वजन मर्यादेबाहेर जाते असे दिसले, तेव्हा तिचा एक एक भाग सुटा करून तोलण्यात आला, बोल्टांची जास्तीची टोके कापण्यात आली, रंगाच्या थराचाही हिशेब झाला. युद्ध संपेपर्यंत विलीजने साडेतीन लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. मुदत पाळणाऱ्या बँटमच्या वाट्याला तीन हजारांच्या आतील गाड्या आणि पुढे जीपमागे जोडावयाच्या ट्रेलरांचे काम आले.

बँटमवर अन्याय झाला असे पुष्कळांचे मत आहे आणि मलाही ते पटते. पण माझा मुद्दा वेगळा आहे. त्या ४९ दिवसांमागे युद्धाची खरी निकड होती आणि मुदत मागणारा कोणी दुसरा होता. माझ्या खंडेनवमीमागे कोणती निकड होती? हुंडीस दोन पक्ष असतात. तारीख चुकली तर दुसऱ्याचा पैसा अडतो, म्हणून ती पाळणे हा धर्म ठरतो. माझ्या जीपच्या हुंडीचा लिहिणारा मी, घेणारा मी आणि तगादा लावणाराही मीच. त्यातून कोणाचा फायदा झाला नाही. व्याज मात्र माझ्या झोपेतून आणि मिस्त्रीच्या मानातून वसूल झाले. अशा देण्यास आपण आपल्या वहीत काय म्हणू? खोटी नोंद म्हणू.

चौदा महिन्यांनी मी मिस्त्रीच्या घरी गेलो आणि झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. त्याने चहा पाजला आणि इतकेच म्हटले, ‘शेठजी, थकलेला हात नट जास्त पिळतो. मला दिवस उजेडाचा द्या, मग गाडी तुमची.’ या अटीवर काम पुन्हा सुरू झाले. ते कसे केले हे थोडक्यात सांगतो, कारण ज्यांच्या गोदामात अशी गाडी आहे त्यांना त्याचा उपयोग होईल.

पहिले म्हणजे, गाडी ही एक रक्कम न मानता तिची निरनिराळी खाती पाडली: ब्रेक व स्टीअरिंग, इंजिन, गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस, वायरिंग, आणि सर्वांत शेवटी पत्रा व रंग. एका वेळी एकच खाते उघडावयाचे आणि ते मिटल्यावाचून दुसऱ्यास हात लावावयाचा नाही, हा नियम. ब्रेक प्रथम घेतले, कारण चालणारी पण न थांबणारी गाडी ही सर्वांत वाईट. दुसरे, खोलण्यापूर्वी प्रत्येक जोडाचे छायाचित्र घेतले, आणि नट-बोल्ट कापडी पिशव्यांत घालून वर चिठ्ठ्या बांधल्या. किराणा दुकानात जन्म गेलेल्या माणसास हे शिकवावे लागत नाही; तरी पहिल्या खेपेस घाईत मी ते केले नव्हते. तिसरे, वेळ ठरविली, पण संपण्याची तारीख ठरविली नाही. दर रविवारी सकाळी आठ ते अकरा. अकरा वाजले की पाना खाली, मग एकच बोल्ट उरलेला असो. जेवणानंतर गोदामात जावयाचे नाही. चौथे, पावसाळ्यात रंगाचे नाव काढावयाचे नाही. ते चार महिने बाकावर बसून करण्याच्या कामांसाठी: कार्ब्युरेटर, डायनॅमो, वायरिंग. आणि पाचवे, या कामाचा पैसा निराळ्या वहीत ठेवला. महिन्यास ठरविलेली रक्कम संपली की त्या महिन्याची खरेदी बंद.

मुदत नसली म्हणजे शिस्त नसते, हा आक्षेपकांचा समज या व्यवस्थेने माझ्यापुरता खोटा ठरविला. उलट, शिस्त अधिक लागली. एक दिवस सर्वस्व पणाला लावणे सोपे आहे. शंभर रविवार वेळेवर जाऊन वेळेवर उठणे कठीण. सव्वीस महिन्यांनी गाडी रस्त्यावर आली. तो सण नव्हता, अमावास्याही नव्हती. एक साधा बुधवार होता. मिस्त्री शेजारी बसला होता.

आता कारागिरांविषयी दोन शब्द, कारण माझ्या मते खरा प्रश्न तेथे आहे. मिस्त्री लोक ‘उद्या देतो’ म्हणून खोटे बोलतात अशी आपली नेहमीची तक्रार असते. पण हे खोटे त्यांच्याकडून वदवितो कोण? काम न पाहताच आपण ‘केव्हा देणार?’ असे विचारतो आणि तारीख ऐकल्याशिवाय उठत नाही. मग तो बिचारा तारीख देतो. ‘केव्हा होणार’ याऐवजी ‘आज काय केले, आणि पुढे काय अडले आहे’ असे विचारून पाहावे. उत्तर खरे मिळते. मजुरीही शेवटच्या दिवसावर न लटकविता एक एक काम पुरे होताच चुकती करावी. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे हात आमच्या भागात आता मोजकेच उरले आहेत. गाडीचा सुटा भाग लेथवर पुन्हा कातून घेता येतो. अपमान होऊन निघून गेलेला जुना मिस्त्री पुन्हा मिळेलच असे नाही. मला मिळाला, हे माझे भाग्य.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. त्यांत गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिचा व्यापारी उपयोग करू नये, अशा अटी आहेत. म्हणजे कायद्यानेच ही गाडी बाजाराच्या बाहेर ठेवली आहे. ती माल वाहणार नाही, भाडे मिळविणार नाही. मग तिच्यावर बाजाराची घाई तरी का लादावी?

आपण दिवसभर पेढीवर तारखांच्या हुकमतीत असतो, आणि असावयास हवे. परंतु माणसाच्या आयुष्यात एखादे काम असे असावे की ते नीट झाले एवढाच त्याचा हिशेब असावा. ज्यांच्या गोदामात ताडपत्रीखाली एखादी जीप निजली असेल, त्यांनी येत्या रविवारी तिच्याकडे अवश्य जावे. तारीख जाहीर करू नये, निमंत्रणे पाठवू नयेत. एक ब्रेक ड्रम काढावा, स्वच्छ पुसावा, आणि अकरा वाजता घरी यावे. डावीकडचे चाक असेल तर मात्र आटे उलटे आहेत, एवढे विसरू नये.