बलाचे गणित आणि शब्दांचे वजन

भारतीय भाषांतील वैज्ञानिक परिभाषेची चर्चा बहुधा शब्दाच्या व्युत्पत्तीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. वस्तुतः परिभाषेची कसोटी कोशात लागत नाही. ती उदाहरण सोडविताना लागते.

न्यूटनचा गतीविषयक दुसरा नियम घ्यावा. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. गुळगुळीत पृष्ठभागावरील 2 किलोग्रॅम वस्तुमानाच्या पिशवीची गती दर सेकंदाला 3 मीटर प्रतिसेकंद इतकी वाढवावयाची, तर 6 न्यूटन बल लागते. यातला गुणाकार सोपा आहे. अवघड आहे ती भाषा. वाणी तीच पिशवी तोलून 'वजन दोन किलो' म्हणतो आणि व्यवहारात तो चुकत नाही. भौतिकीत मात्र वजन हेही एक बलच होय. गुरुत्वीय त्वरण 9.8 धरले, तर त्या पिशवीचे वजन 19.6 न्यूटन भरते. चंद्रावर ते सुमारे एकषष्ठांश होईल. वस्तुमान 2 किलोग्रॅमच राहील. हा भेद 'वस्तुमान' शब्दाच्या व्युत्पत्तीतून उमगत नाही, तो वापरातून उमगतो.

शेजारच्या भाषांचा अनुभव हेच सांगतो. 'बल' हा शब्द हिंदी, बंगाली, मलयाळम अशा अनेक भाषांत समान आहे. तमिळने 'विसै' स्वीकारला. वस्तुमानाला हिंदीत 'द्रव्यमान', बंगालीत 'भर', गुजरातीत 'दळ', तर मलयाळममध्ये 'पिंडम्' म्हणतात. त्वरणाला गुजरातीत 'प्रवेग' हा शब्द आहे. एकरूप परिभाषेमुळे भाषांतराची सोय होते, हे खरे. 1961 मध्ये स्थापन झालेल्या शब्दावली आयोगाच्या कार्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंतु शब्द एक असला म्हणजे संकल्पना रुजतेच असे नाही. लॅटिन 'मासा' या शब्दाचा मूळ अर्थ मळलेल्या कणकेच्या गोळ्याशी निगडित होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेखनाने त्याला शास्त्रीय नेमकेपणा आला.

मराठीत उणीव शब्दांची नाही, वाक्यांची आहे. महाराष्ट्रात अकरावीपासून विज्ञानाचे अध्यापन मुख्यतः इंग्रजीतून होते. म्हणजे 'त्वरण' हा शब्द प्रौढ होण्यापूर्वीच निवृत्त होतो. ज्या शब्दात पुढे कोणी विचार करीत नाही, तो कितीही शुद्ध असला तरी निर्जीवच राहतो. म्हणून भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी शास्त्रीय गद्याकडे पाठ्यपुस्तकी व्यवहार म्हणून पाहणे सोडावे. भाषेची विचारक्षमता काव्याइतकीच या गद्यातही पारखली जाते.