अनुभव आणि प्रमाण

ज्याने मादक द्रव्य घेऊन स्वतःची जाणीव पालटून पाहिली नाही, त्याला चैतन्याविषयी बोलण्याचा अधिकारच नाही, असा सिद्धांत एका विद्वान गृहस्थांनी मोठ्या आवेशाने मांडला असून वेदांतला सोमही साक्षीस उभा केला आहे. सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, हा जुना वाद अद्याप मिटलेला नाही. तेव्हा हा साक्षीदार तूर्त बाद.

राहिला अनुभव. 1799 साली ब्रिस्टल येथे हंफ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाने नायट्रस ऑक्साइड वायू स्वतः हुंगला, रेशमी पिशव्यांतून मित्रांनाही दिला, आणि त्या भरात, विश्वात विचारांवाचून दुसरे काहीच नाही, हे परमसत्य हाती आल्याचे त्याला वाटले. आमच्या गृहस्थांना एवढे पुरले असते. डेव्हीला पुरले नाही. वायू किती घेतला, नाडी कशी चालली, हे तो लिहीत गेला. अक्कलदाढेपाशी सुजलेल्या हिरडीची कळ वायूने काही काळ ओसरली, हेही त्याने टिपले. आणि 1800 सालच्या ग्रंथात, फार रक्तस्राव न होणाऱ्या शस्त्रक्रियांत हा वायू उपयोगी पडावा, असे सुचवले. त्या परमसत्याने कोणाचीही वेदना हरली नाही. या टिपणाने हरली असती, परंतु पुढे चाळीसहून अधिक वर्षे लोक तोच वायू मौजेखातर हुंगून खिदळत राहिले आणि शस्त्रवैद्य शुद्धीवरच्या रोग्यांना कापीत राहिले! 1844 साली अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या अशाच एका खेळात वायू घेतलेल्या इसमाचा पाय रक्तबंबाळ झाला. त्याला पत्ता नव्हता, पत्ता लागला तो होरेस वेल्स या दंतवैद्याला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने वायू घेऊन स्वतःचा दात काढवून घेतला.

आता त्या भरातल्या परमसत्याविषयी. तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने तर, याच वायूच्या अमलाखाली लिहिलेली आपली पाने शुद्धीवरच्या वाचकाला निरर्थक बडबड वाटतील, हे स्वतःच कबूल केले आहे.

अनुभव ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. फिर्याद दाखल व्हावी, पण मात्रा मोजलेली असावी, शेजारी शुद्धीतला साक्षी असावा आणि टिपण तत्काळ व्हावे. हीच शिस्त नशेच्या शत्रूंनाही लागू आहे: हिंदुस्थानातल्या 1893-94 च्या भांग-गांजा चौकशी आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतली दप्तरे उलगडली, तेव्हा गांजामुळे वेड लागल्याच्या कित्येक नोंदी केवळ रोग्याला आणून सोडणाऱ्या पोलिसांच्या सांगण्यावरून, चौकशीवाचून झालेल्या आढळल्या.