कमर दुखते, खापर पिशवीवर

बीड जिल्ह्यातील युसूफ वडगाव असो की केज तालुक्यातले दुसरे एखादे गाव, 'कमर धरली आहे' ही तक्रार घरोघर ऐकू येते. शिलाई मशीनवरून उठताना अम्मीचा हात आधी कमरेवर जातो. टेम्पो चालवून आलेले अब्बा दार धरूनच खाली उतरतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली शेजारीण उन्हाळ्याच्या तोंडावर परतते, तेव्हा तिला धड ताठ उभे राहवत नाही. दुखण्यावर मग मालिश होते, मेडिकलवरून गोळी येते, कुणी उसण भरली म्हणून पायाळू माणसाची लाथ खायला नेते. एवढे करूनही दुखणे राहिले आणि दुखणारी बाई असली, की कुणीतरी म्हणते, "पिशवी खराब झाली असेल, काढून टाका."

भगिनींनो, या महिन्यात बोलायचे आहे ते याच सल्ल्याबद्दल. आपल्या जिल्ह्याने त्याची फार मोठी किंमत मोजली आहे.

२०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा बायकांमागे एकीची. त्यांतल्या कितीतरी तिशी-पस्तिशीतल्या होत्या. डॉक्टरकडे जाताना तक्रारी कोणत्या होत्या? अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे, पाळीचा त्रास आणि कंबरदुखी. खाडा पडला की मजुरी बुडते आणि वर दंड कापला जातो. 'एकदाचे काढले की कटकट मिटेल' हे त्यांना पटले, त्याचे कारण हेही होते. काहींनी मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशनचे पैसे भरले आणि ती उचल फेडायला पुन्हा मोळ्या उचलल्या. कमर मात्र दुखतच राहिली.

ती राहणारच होती. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणे, तासन्‌तास वाकून कोयता चालवणे, रात्री कोपीत जमिनीवर झोपणे, यांचा ताण पाठीच्या स्नायूंवर, सांध्यांवर आणि मणक्यांवर येतो. पिशवी काढल्याने तो कमी होत नाही. उलट तरुणपणी पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर शरीरातले इस्ट्रोजेन एकदम घटते, हाडे लवकर ठिसूळ होतात आणि कंबरदुखीला आणखी एक कारण मिळते.

पिशवीच्या आजाराने कमर कधीच दुखत नाही, असे नाही. पाळीच्या दिवसांत दुखणे वाढत असेल, रक्तस्राव फार होत असेल, ओटीपोट दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला जरूर दाखवावे. पण त्यातही बहुतेक वेळा आधी औषधोपचार असतात. पांढरे जाणे जंतुसंसर्गामुळे असेल तर ते औषधाने बरे होते.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट म्हणतात. अशा बहुसंख्य रुग्णांत मोडतोड किंवा गंभीर आजार नसतो. 'मणक्यात गॅप आहे', 'गादी सरकली आहे' हे ऐकून माणूस हबकतो आणि हलायचेच सोडतो. पण वय वाढले की ज्यांची कमर कधी दुखलेली नाही, अशांच्या एमआरआयमध्येही हे बदल दिसतात. फोटोवर घाबरून खाट धरली, तर स्नायू आणखी दुबळे होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. तिचा भर रुग्णाला दुखणे नीट समजावण्यावर आणि व्यायामावर आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून कंबर ताणणे यांची सरसकट शिफारस तिने केलेली नाही. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेल्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालायला सांगितले होते. त्यांच्यात दुखणे परतायला मध्यमानाने २०८ दिवस लागले, इतरांत ११२. चालायला पैसे पडत नाहीत. फजरनंतर दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडे वाढवावे.

घरी दोन व्यायाम करता येतात. सतरंजीवर उताणे झोपून, गुडघे दुमडून, एकेक गुडघा छातीकडे ओढावा. मग तळपाय जमिनीवर ठेवून कमर हळू उचलावी, पाच अंक मोजावेत आणि खाली ठेवावी. दहा-दहा वेळा पुरे. थोडा ताण जाणवला तर चालेल, पण कळ पायात उतरू लागली तर थांबावे.

ओझे उचलताना गुडघ्यात वाकावे आणि ते अंगाजवळ धरावे. घागर एकाच कमरेवर न घेता बाजू बदलावी, मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान भांडी घ्यावीत. मशीनवर बसणाऱ्यांनी अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. आणि पाणी भरणे हे एकट्या सुनेचे काम नाही. घरातल्या तरण्या मुलांनी हंडा उचलला, तर तोही इलाजच आहे.

काही जण नमाजबद्दल विचारतात. ज्याला उभे राहणे खरोखर जमत नाही, त्याला बसून नमाजची सवलत आहे. ती घेण्यात संकोच नसावा. मात्र साध्या कंबरदुखीत रुकू आणि सजद्याने मणक्याला इजा होत नाही. सावकाश वाकावे, उठताना हाताचा आधार घ्यावा.

वेदनाशामक गोळी थोडे दिवस, डॉक्टरांना विचारून आणि काही खाऊनच घ्यावी. रिकाम्या पोटी रोज घेतलेल्या गोळ्या जठर आणि मूत्रपिंड बिघडवतात. रमजानमध्ये हे विशेष लक्षात ठेवावे. नाव नसलेल्या पुड्या तर घेऊच नयेत, त्यांत स्टेरॉइड असू शकते.

काही लक्षणांत घरी थांबू नये. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातली ताकद कमी होणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. कंबरदुखीबरोबर ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पडल्यानंतर सुरू झालेले किंवा आधी कर्करोग झालेल्या माणसाचे दुखणेही लगेच तपासून घ्यावे.

आणि पिशवी काढायचा सल्ला मिळालाच, तर तीन प्रश्न विचारावेत. आजाराचे नाव काय? सोनोग्राफी आणि इतर तपासण्यांत तो दिसला का? औषधाने भागणार नाही का? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखवावा. आपल्याला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तिथे स्त्रीरोग आणि अस्थिरोग, दोन्ही विभागांत दाखवता येते. जाताना बाईला एकटी पाठवू नये, नवऱ्याने किंवा सासूने सोबत जावे. तातडीचे कारण नसेल, तर निर्णय आठवडाभर लांबल्याने काही बिघडत नाही. काढलेली पिशवी मात्र परत बसवता येत नाही.