न घेतलेल्या कर्जाची थकबाकी

फेब्रुवारी २०२२ मध्ये देशभरातल्या अनेकांना आपल्या सिबिल अहवालात भलतंच कर्ज दिसलं. ‘धनी’ या मोबाइल अ‍ॅपवरून त्यांच्या पॅन क्रमांकावर भलत्याच माणसांनी छोटी छोटी कर्जं उचलली होती. त्यात पत्रकार होते, नोकरदार होते आणि अभिनेत्री सनी लिओनीही होती. तिच्या नावावरची रक्कम होती दोन हजार रुपये. एप्रिलमध्ये अभिनेता राजकुमार राव यानेही आपल्या पॅनवर अडीच हजारांचं कर्ज काढलं गेल्याचं जाहीर केलं आणि सिबिलला लक्ष घालायला सांगितलं. लिओनीची नोंद तातडीने दुरुस्त झाली, तिने जाहीर आभारही मानले. लाखो चाहते पाठीशी नसलेल्या माणसाला मात्र तीच दुरुस्ती करून घ्यायला महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात.

नवी मुंबईत हा प्रश्न थेट घराच्या किल्लीशी येऊन भिडतो. सिडकोने ऑक्टोबर २०२४ मध्ये २६ हजार घरांची योजना आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सोडत काढली. तळोजा, बामणडोंगरी, खारकोपर, कळंबोली अशा ठिकाणी घर लागलेल्या बहुतेकांची मदार गृहकर्जावर. हप्त्यांच्या तारखा ठरलेल्या. अशा वेळी बँकेने सिबिल काढावं आणि त्यात कधीच न घेतलेलं कर्ज थकीत दिसावं, म्हणजे आयुष्याची जमवाजमव एका चुकीच्या ओळीपाशी अडते.

सिबिल अहवालातलं ते पान जवळून पाहण्यासारखं असतं. वर कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव, अनेकदा कधी न ऐकलेलं, कारण अ‍ॅपचं नाव एक आणि पैसे देणारी वित्तसंस्था दुसरीच. खाली खातं उघडल्याची तारीख, मंजूर रक्कम, थकबाकी. मग महिन्यामहिन्यांचे चौकोन: ०३०, ०६०, ०९०. हप्ता किती दिवस थकला, त्याचे हे आकडे. शेवटी शेरा, ‘रिटन ऑफ’. रक्कम चार हजारांची का असेना, चाळीस लाखांचं गृहकर्ज अडवायला एवढा शेरा पुरतो. कधी ते खातं मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलेलंही असतं. मग दाद नक्की कोणाकडे मागायची, इथूनच सुरुवात.

सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांना आपल्याकडे पतमाहिती ठेवण्याची परवानगी आहे. त्यांचं काम चालतं पतमाहिती कंपन्यांच्या २००५ च्या कायद्यावर. या कायद्याचं कलम २१ ग्राहकाला दुरुस्ती मागण्याचा हक्क देतं आणि लगेच त्याला अट घालतं: ज्या संस्थेने नोंद पाठवली तिने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय दुरुस्ती होणार नाही. वाद न्यायालयात किंवा लवादासमोर असेल, तर तोवर त्या संस्थेच्या वह्यांमधली नोंदच धरायची. म्हणजे ज्याने पडताळणी न करता कर्ज दिलं, त्याच्याच होकारावर निरपराध माणसाची सुटका अवलंबून. ग्राहकाने ऑनलाइन तक्रार टाकायची, त्या संस्थेने आपल्याच संगणकात पाहून ‘नोंद योग्य आहे’ असं कळवायचं आणि तक्रार बंद. हा न्याय नाही.

रिझर्व्ह बँकेने काही केलंच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. दर वर्षी प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून एक संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या. ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने तीस दिवसांत तक्रार सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई ठरवली आणि ती एप्रिल २०२४ पासून लागू झाली. त्या तीस दिवसांतले एकवीस कर्ज देणाऱ्या संस्थेचे, उरलेले पतमाहिती कंपनीचे. हे चांगलं पाऊल आहे. पण ‘नोंद योग्य आहे’ असं एकविसाव्या दिवशी ठोकून दिलं की भरपाईचा प्रश्नच मिटतो, आणि हाती उरतं ते लोकपालाचं दार.

अमेरिकेत १९७० पासून असलेल्या पतअहवाल कायद्यात पुढे ओळखचोरीची तरतूद आली. पीडिताने ओळखीचा पुरावा आणि चोरीची तक्रार दिली की पतमाहिती कंपनीला चार कामकाजी दिवसांत ती नोंद रोखून धरावी लागते. वसुली कंपनीला मुदतीत लेखी हरकत पोचली, तर कर्जाचा पडताळा देईपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते. तिथेही तक्रारी भरपूर आहेत. पण निदान नोंद आधी थांबते, वाद मग चालतो.

आपल्याकडेही असंच व्हायला हवं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा पोलिस ठाण्यात तक्रार नोंदली गेली की वादातली नोंद चार-पाच दिवसांत पतगुणांकनातून बाजूला काढावी. ‘वादग्रस्त’ असा नुसता शेरा मारून भागत नाही, कारण तो पाहून बँकेचा अधिकारी फाइल पुढे सरकवत नाही. शिवाय कर्ज खरं असल्याचं शाबीत करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावरच टाकावी. ते अवघडही नाही. कर्जाचे पैसे कोणत्या ना कोणत्या बँक खात्यात गेलेले असतात. तो खाते क्रमांक, खातेदाराचं नाव, कर्ज घेताना वापरलेला मोबाइल नंबर, केवायसीचा फोटो हे सगळं संस्थेकडे असतं. तक्रारदाराने लेखी अर्जात आजही नेमकं हेच मागावं. पैसे आपल्या खात्यात आलेच नाहीत, यापेक्षा भक्कम पुरावा नाही.

वसुलीच्या फोनचा जाच वेगळाच. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं. तक्रार निकालात निघेपर्यंत प्रकरण वसुली एजंटाकडे देऊ नये, हे तर तिने बँकांना २००८ मध्येच सांगितलं आहे. तरीही एजंटांचे फोन येतात, नातेवाइकांनाही येतात. तक्रार क्रमांक दिल्यावरही आलेल्या अशा प्रत्येक फोनसाठी दंड ठरवायला रिझर्व्ह बँकेने मुहूर्ताची वाट पाहू नये. कलम २१ मधली अट काढायला संसदेत जावं लागेल, आणि तिथे हा विषय नवी मुंबई-पनवेलच्या खासदारांनी मांडायला हवा. कारण २६ हजार घरांसाठी कर्जाच्या रांगेत उभे राहिलेले लोक त्यांचेच मतदार आहेत.