‘केरॅटिन’च्या नावाखाली काय?

मा. संपादक,

‘राठ केसांवर घरगुती क्रीम चालत नाही, पार्लरचं केरॅटिन मात्र निर्धोक’ हे आपल्या पुरवणीतल्या लेखिकेचं मत अर्धंच खरं आहे. जाड केस सरळ करायला क्रीम कमी पडतं, कबूल. पण अनेक ‘केरॅटिन’ उपचारांत केस सरळ करतं ते केरॅटिन नव्हे, तर फॉर्माल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारी रसायनं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच फॉर्माल्डिहाइडला कर्करोगकारक ठरवलं. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ म्हणवणाऱ्या काही बाटल्यांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं; त्याने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. धाटावच्या कारखान्यात रसायन हाताळायला मास्क लागतो. पेणच्या बंद एसी पार्लरमध्ये मात्र तापवलेल्या रसायनाचा धूर सगळ्यांनी मिळून हुंगायचा!

‘केसांना नुसती इस्त्री पुरते’ हे लेखिकेचं म्हणणंही रोह्याच्या पावसाळ्यात टिकत नाही. इस्त्रीने हायड्रोजन बंध तात्पुरते मोडतात, दमट हवेत पुन्हा जुळतात. कायमचं सरळ करायचं तर थायोग्लायकोलेटसारख्या रसायनाने गंधकाचे बंध तोडावे लागतात, आणि मुळाशी नवा केस पुन्हा राठच उगवतो. हे लेखिकेने सांगायला हवं होतं.

पुढच्या वेळी उत्पादनांच्या नावांबरोबर त्यांतले घटकही छापावेत.

— एक वाचक, पेण (जि. रायगड)