पुढारी खुर्चीला का चिकटतो?

कामगार बंधूंनो, राज्यशास्त्राचं संशोधन म्हणजे पंडितांचा धंदा, साच्यावरच्या माणसाला त्याचं काय, असं म्हणू नका. पंडितांनी युनियनसुद्धा तपासली आहे!

रॉबर्ट मिशेल्सनं १९११ साली जर्मनीच्या समाजवादी पक्षावर ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं कडू आहे. संघटना वाढली की कचेरी येते, पगारी कारभारी येतात. कायदा नि हिशेब त्यांनाच ठाऊक. सभासद वर्गणी भरून घरी जातो, आणि मूठभरांचं राज्य होतं. याला तो पोलादी नियम म्हणाला.

मग संघटना मोडायची? मुळीच नाही! मालकाला तेच हवं असतं. लिपसेट, ट्रो आणि कोलमन यांनी अमेरिकेतल्या छापखान्यांच्या जुळाऱ्यांची युनियन अभ्यासली. ग्रंथ १९५६ साली निघाला. त्या युनियनीत दोन पक्ष होते. निवडणुकीत पुढारी पडत, नवे येत, तरी युनियन टिकली. का? जुळारी काम सुटल्यावरही एकत्र बसत, बोलत, आपलं मत आपणच बनवत.

तेव्हा पुढाऱ्यावर माया जरूर करा, पण सभेला या, हिशेब मागा, निवडणूक वेळेवर घ्यायला लावा. पोलादही वितळतं, आच मात्र आपणच लावली पाहिजे!